आगरदांड्याचा धक्का



पंढरीच्या वाटेवर निघताना वारकऱ्याला फारसे काही ठरवावे लागत नाही. प्रस्थान कधी, दुपारचा विसावा कुठे, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी, रिंगण कोणत्या माळावर, हे सगळे आधीच छापून हाती येते. हैबतबाबांनी घालून दिलेल्या शिस्तीवर सोहळा चालतो. आपण आपल्या दिंडीतली आपली जागा सांभाळायची, टाळ वाजवायचा आणि पाय उचलायचा.

उरलेल्या आयुष्यात मात्र ठरवण्याचेच काम मी केले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी झाली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणता फेरा किती वाजता, एक गाडी बंद पडली तर दुसरी कुठून काढायची, हे माझ्या बोटांवर असे. अशा माणसाला एका दिवसाची सहल ठरवायला महिना लागला. का लागला, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. त्यात आगरदांड्याची माहिती आहे, ती जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. आणि थोडी माझी लाजही आहे. ती कोणाच्या उपयोगी पडली तर बरेच.

आई 84 वर्षांची आहे. गेली अकरा वर्षे ती माझ्याकडे, माणगावला असते. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर तिने ताट बाजूला सारले आणि म्हणाली, "बाळा, पाय आहेत तोवर मला एकदा आगरदांड्याला ने."

आईने माझ्याकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. म्हणून मी लगेच हो म्हटले.

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातले गाव, राजपुरीच्या खाडीच्या उत्तर काठावर. समोरच्या काठावर दिघी. ते श्रीवर्धन तालुक्यात येते. मध्ये खाडीचे रुंद पाणी. आईचे माहेर आगरदांड्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका वाडीत. सासर दिघीच्या पलीकडे. सतराव्या वर्षी लग्न झाले आणि वऱ्हाडाबरोबर ती ह्या काठावरून लाँचमध्ये बसून त्या काठाला उतरली. तिच्या माहेरी आता कोणी उरलेले नाही. घर पडले, भाऊ गेले. पण सासरचे घर उभे आहे. तिथे माझा थोरला भाऊ राहतो.

त्या घरी जायचे तर आगरदांड्याला जायची गरजच नाही. माणगावहून म्हसळामार्गे सरळ रस्ता दिघीला जातो. आईला हे ठाऊक होते. तरी तिने घराचे नाव काढले नाही, आगरदांड्याचे काढले. मी नियंत्रक. मार्ग मला कळतात. हा मार्ग तिने का धरला, ते मात्र मी कळून घेतले नाही.

मी कागद घेतला आणि आखणी सुरू केली.

पहिले काम दिवस धरण्याचे. समुद्राकाठी जायचे तर घड्याळाआधी पंचांग पाहावे. कोळी आणि खलाशी मंडळींचा जुना हिशेब आहे. शुद्ध असो वा वद्य, त्या दिवसाची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, सुमारे तितक्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, सव्वातीनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. दशमी-एकादशीच्या सुमारास ते त्या मानाने शांत असते. आपण एकादशी ज्या चंद्रावर मोजतो, त्याच चंद्रावर कोळ्याची होडी सुटते, हे मला त्या दिवशी नव्याने उमगले. मी मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी धरली. आळंदीची कार्तिक वद्यातली वारी आटोपलेली, थंडी बेताची, पाणी स्थिर, आणि सकाळी पारणे करून निघता येईल.

मग ठिकाणे. एकदा लिहू लागल्यावर हात थांबेना.

राजपुरी गावातून होडीने मुरूडचा जंजिरा. जझीरा म्हणजे अरबीत बेट, त्यावरून जंजिरा. सिद्दींचा हा पाणकोट. किनाऱ्यावरून पाहावे तर नुसती तटबंदी दिसते, दरवाजा कुठे ते होडी अगदी जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आत कलाल बांगडी तोफ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असून मध्ये गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. शिवरायांनी हा किल्ला घेण्यासाठी खटपट केली, समोर कासा बेटावर पद्मदुर्ग बांधला. 1682 साली संभाजीराजांनी राजपुरीकडून समुद्रात भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट काढायला घेतली, पण मोगली फौज चालून आली आणि काम अर्धे सोडावे लागले. किल्ला शेवटपर्यंत पडला नाही. 1948 साली संस्थान विलीन झाले तेव्हाच तो आपल्याकडे आला.

ह्या किल्ल्याची एक गोष्ट वारकऱ्याने ऐकावी अशी आहे. लाय पाटील नावाच्या सोनकोळ्याने रात्री तटाला शिड्या लावण्याचे धाडस केले. फौज वेळेवर पोहोचली नाही आणि बेत फसला. तरी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. तो म्हणाला, आम्ही दर्यावर फिरणारी माणसे, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी त्याच्यासाठी एक गलबत बांधवले आणि त्याचे नाव ठेवले 'पालखी'. असे सांगतात. पालखी म्हटली की आपल्याला खांदे आठवतात. कोकणात ती पाण्यावरून चालली.

जंजिऱ्यानंतर मी खोकरीचे सिद्दींचे घुमट लिहिले. मग मुरूडची पुळण आणि टेकडीवरचे दत्तमंदिर. मग फणसाडचे अभयारण्य. पूर्वी हे नबाबाचे शिकारीचे रान होते, 1986 साली अभयारण्य झाले. आपल्या राज्याचा प्राणी शेकरू इथे उंच झाडांवर असतो. गारंबीच्या मनगटाहून जाड वेली ह्या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या असतात. इथल्या पाणवठ्यांना 'गाण' म्हणतात. चिखलगाण, धरणाची गाण अशी त्यांची नावे. भजन करणाऱ्या माणसाला हा शब्द गोड लागतो. शेवटी, जातानाच्या वाटेवर तळ्यापुढे मांदाडजवळची कुड्याची लेणी.

सकाळी साडेसहाला निघणे, रात्री नऊला परत. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटे लिहिली. मुलाची गाडी सांगून ठेवली. पाण्याच्या बाटल्या, आईची औषधे, बसायला घडीची खुर्ची, सगळे आले. मी कागद आईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, "धक्क्यावर किती वेळ?"

मी कागदावर पाहिले. आगरदांडा धक्का, पंधरा मिनिटे.

"बरं," ती म्हणाली आणि माळ हातात घेतली.

रात्री आमची सौ. भांडी आवरताना म्हणाली, "तुमच्या कागदात सगळा मुलूख आलाय. फक्त पलीकडचा काठ तेवढा नाही."

मी तिच्यावर चिडलो. माणूस खरे ऐकले की चिडतो, तसा.

आता ती गोष्ट सांगायला हवी. वडील गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. घर, भातखाचर, नारळ-सुपारीची वाडी आणि वाडीतली विहीर. विहिरीवरून बोलाचाली झाली. पाणी कोणाच्या बाजूला, पाट कोणाच्या हद्दीतून. दादा चार माणसांत मला काही बोलला, मी त्याला त्याहून वाईट बोललो. कोण आधी बोलले, ह्यावर मी कितीतरी रात्री विचार केला आहे, आणि दर वेळी निकाल माझ्या बाजूने लागला आहे. न्यायाधीशही मीच होतो. त्या वर्षी मी आईला माणगावला घेऊन आलो.

त्याआधी आम्ही दोघे एकाच दिंडीत चालायचो. तो पुढे पखवाजाजवळ, मी मागे. त्याच वर्षी मी दिंडी बदलली. तो तुकोबारायांच्या पालखीबरोबर राहिला, मी माउलींच्या सोहळ्यात आलो. लोकांना सांगितले, माणगावची मंडळी इकडे आहेत म्हणून. गेली अकरा वर्षे आम्ही दोघे एकाच विठोबाला दोन वाटांनी जातो. वाखरीच्या तळावर सगळ्या पालख्या एकत्र येतात, आम्ही दोघेही त्या दिवशी तिथे असतो. पण तिथे एवढी गर्दी असते की लाखांत एक माणूस टाळणे काही अवघड नाही.

आणि माउली, सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. वेळापूरहून भंडीशेगावला जाताना टप्पा येथे माउलींची आणि सोपानकाकांची पालखी भेटते. त्याला बंधुभेट म्हणतात. दोन्ही रथ जवळ येतात, श्रीफळांची देवाणघेवाण होते, आणि उन्हातान्हात उभी असलेली माणसे रडतात. मीही दर वर्षी रडलो आहे. उपरण्याने डोळे पुसले आहेत, शेजारच्याच्या पाया पडलो आहे. अनोळखी माणसाच्या, माझ्याहून लहान पोराच्या पाया पडताना मला कधी जड गेले नाही. वारीत तसे कोणालाच जात नाही. पण ज्या एका माणसाच्या पाया पडायला हवे होते, तो माणूस दुसऱ्या वाटेवर आहे हे मीच ठरवून टाकले होते.

वर मला एक अभिमान होता. आई माझ्याकडे आहे. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही म्हणून देव विटेवर थांबला. मी कीर्तनात हे ऐकायचो तेव्हा मनात कुठेतरी वाटायचे की आमच्या घरीही एक वीट ठेवायला हरकत नाही. आई माझ्याकडे आहे ही माझी सेवा होती, आणि दादाला लागावा असा तो टोलाही होता. आईला काय हवे, हे त्या सेवेत मी कधी विचारले नव्हते.

सौ. बोलली त्याच्या दोन-तीन दिवसांनी मी कुड्याच्या लेण्यांची माहिती काढायला वाचनालयात गेलो. जातानाच्या वाटेवर पडतात, तर नीट माहिती असावी एवढाच हेतू. ही बौद्ध लेणी खाडीच्या आतल्या टोकाशी डोंगरात खोदलेली, संख्येने 26, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या काळी ह्या मुलखावर महाभोज मांदव घराणे होते. भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. एक वैद्य आहे, एक लोखंडाचा व्यापारी आहे, आणि एक माळीही आहे. माळ्याचे नाव वाचून मला अरणच्या सावतोबांची आठवण झाली. काळ वेगळा, पंथ वेगळा, पण हाताला मातीच.

मग एक लेख आला. एका लेण्याचा दाता आपली ओळख करून देतो. मी अमक्याचा मुलगा, अमकीचा मुलगा, आणि शिवभूती ह्या लेखकाचा सर्वांत धाकटा भाऊ. लेणे त्याचे. त्यातले कोरीव काम त्याच्या बायकोने आणि मुलांनी दिलेले. खांब त्याच्या मुलींनी दिलेले. सगळे घर त्या एका दगडात आहे. आणि तो माणूस आपल्या दानावर आपले नाव कोरताना थोरल्या भावाचे नाव आधी सांगतो आहे.

मी पुस्तक मिटून बसलो. लग्नपत्रिका असो, दिंडीची यादी असो, देवळाच्या वर्गणीची पावती असो, गेल्या अकरा वर्षांत मी कुठेही अमक्याचा धाकटा भाऊ म्हणून नाव सांगितले नव्हते. गावाकडचे कोणी भेटले आणि "तुम्ही त्यांचे भाऊ ना?" असे विचारले, तर मी विषय बदलायचो. दोन हजार वर्षे तो धाकटा डोंगरात उभा राहून सांगतो आहे आणि मला एसटी स्टँडवर सांगता येत नव्हते.

घरी आलो आणि कागदावर रेघा मारू लागलो. फणसाड काढले. जंजिरा काढला, म्हाताऱ्या माणसाला होडीतून चढउतार कशाला. घुमट, मुरूड, पुळण काढली. राहिले कुडे आणि आगरदांडा. धक्क्यापुढची पंधरा मिनिटे खोडली आणि तिथे काहीच लिहिले नाही. दादाला फोन करावा असे मनात आले, पण तेवढे बळ आले नाही. खोटे कशाला सांगू?

द्वादशीला पहाटे काकडा झाला, पारणे झाले, आणि आम्ही तिघे निघालो. गाडी मुलाने चालवली, म्हणजे चौघे. इंदापूरहून तळ्याच्या रस्त्याला लागलो. भात झोडून झालेला, खाचरांत खुंट उभे. तळ्यापुढे मांदाडकडे वळलो तशी झाडांमधून खाडी दिसू लागली. नवाचा सुमार होता आणि पाणी काठोकाठ भरलेले होते. पाऊणपटीचा हिशेब चुकला नाही.

कुड्याला आई खाली गाडीत बसली, मी एकटा चढून गेलो. लेण्यांत कोणी नव्हते. पारवे होते. ज्या लेण्यात स्त्री-पुरुषांच्या कोरीव मूर्ती आहेत तिथे उभा राहिलो. ब्राह्मी मला वाचता येत नाही. अक्षरे दिसली, त्यांपुढे हात जोडले आणि खाली आलो. आईने विचारले, "काय होतं वर?" मी म्हटले, "एका धाकट्या भावाने घर बांधलंय." ती माझ्याकडे बघत राहिली, बोलली काही नाही.

साडेबाराच्या सुमारास आगरदांड्याच्या धक्क्यावर पोहोचलो. पाणी उतरू लागले होते. काठाच्या दगडांवर ओली रेघ दिसत होती. समोर दिघी, मागे डोंगर, उजव्या हाताला खाडीचे तोंड आणि पलीकडे समुद्र. दोन काठांमध्ये आता मोठी फेरीबोट चालते, तिच्यात मोटारी, मोटारसायकली, माणसे सगळेच चढते. गाड्यांची ओळ लागली होती. आईसाठी सावलीत खुर्ची मांडली.

ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग आपणहून बोलू लागली.

"तेव्हा हा धक्का असा नव्हता. लाँच पाण्यात उभी असायची. माझी पेटी तुझ्या मोठ्या मामाने डोक्यावर घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यातून नेऊन वर चढवली. मी रडत होते. तो काही बोलला नाही. परत काठाला जाऊन उभा राहिला. लाँच निघाली, मी मागे बघत होते. तो तिथेच. लाँच पलीकडे लागली, आम्ही उतरलो, तरी तो तिथेच. लांबून एवढासा दिसत होता. मी पदर हलवला तेव्हा कुठे तो वळला."

थोडे थांबून म्हणाली, "आम्हा भावंडांत पुढे काय कमी भांडणं झाली? पण मला सासरी राग आला, दुःख झालं, की मी वाडीच्या टोकाला येऊन इकडे बघायची. वाटायचं, तो अजून उभा आहे."

तेव्हा मला कळले की आईने आगरदांडा का मागितला. दिघीला नेऊन सोड म्हणाली असती तर मी काहीतरी कारण काढले असते, हे तिला माहीत होते. जिथून पलीकडे बघता येईल एवढेच तिने मागितले. अकरा वर्षे ती माझ्या घरी राहिली, माझी बाजू घेतली नाही, त्याची घेतली नाही. दोन्ही मुलांच्या मध्ये खाडीसारखी राहिली. आणि आता फक्त काठावर उभी राहून तो काठ बघायचा, इतकेच तिचे मागणे उरले होते.

फेरीबोट येऊन लागली. गाड्या उतरल्या. आई म्हणाली, "पलीकडे जायला आता किती वेळ लागतो रे?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"एवढाच?"

ती आणखी काही म्हणाली नाही. मी जाऊन तिकिटे काढली. गाडी ह्याच काठावर ठेवली. मुलगा म्हणाला, बाबा, गाडी चढवू ना. मी म्हटले, नको, आजी चालत गेली होती, चालतच जाऊ.

बोटीत आई कठड्याजवळ बसली. वारा होता. तिने एका हाताने पदर धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट. मध्यावर आलो तेव्हा मी मागे वळून पाहिले. आगरदांड्याचा काठ लहान होत चालला होता. तिथे कोणी उभे नव्हते. पण आईने काय पाहिले असेल, ते मला दिसले.

कीर्तनात आपण भवसागर ऐकतो, तारू ऐकतो, पैलतीर ऐकतो. मीही मान डोलावतो. त्या दिवशी खाडी ओलांडायला वीस मिनिटे लागली. मला अकरा वर्षे लागली होती आणि अजून मी पुरता उतरलो नव्हतो.

दिघीच्या धक्क्यावर आईला बसवले आणि मी बाजूला गेलो. दादाचा नंबर मोबाइलमध्ये होता. पुसला कधीच नव्हता. त्याने उचलला. मी नाव सांगितले नाही. म्हटले, "दादा, आई दिघीच्या धक्क्यावर आहे."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "ऊन आहे. तिला सावलीत बसव. आलो."

अर्ध्या तासात तो मोटारसायकलवरून आला. मागे वहिनी. दादा म्हातारा झाला होता. केस सगळे पांढरे, कपाळावर बुक्का, गळ्यात तीच माळ. जी माळ आम्ही दोघांनी एकाच दिवशी पंढरीला घातली होती. तो आधी आईकडे जाईल असे मला वाटले. तो माझ्याकडे आला आणि दिंडीत आपण करतो तसा सरळ वाकला. थोरला असून वाकला. मी त्याच्यानंतर वाकलो. मध्ये एखादा क्षण गेला असेल. त्या एका क्षणाची मला अजून लाज वाटते, कारण वारीत कोणासमोर मला तेवढाही उशीर होत नाही.

मग तो आईच्या पायाशी बसला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "केवढा पांढरा झालास रे."

वहिनीने पिशवीतून दोन नारळ काढले. म्हणाली, "घाईत निघालो, हातात काय घ्यावं सुचेना. वाडीतले पडलेले होते, तेच घेतले." एक आईच्या ओटीत घातला, एक माझ्या हातात दिला. टप्प्याची बंधुभेट माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिथे श्रीफळ दोन्हीकडून दिले जाते. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हते. खिशात रेघा मारलेला कागद होता.

आईने दादाकडे आठ दिवस राहायचे ठरवले. तिने ठरवले, आम्हाला विचारले नाही. औषधांची पिशवी मी वहिनीच्या हाती दिली. विहिरीचा विषय निघाला नाही. वाटणीचा कागद आहे तसाच आहे आणि त्यातले काही प्रश्न सुटायला वेळ लागेल. सुटतीलच असेही नाही. पण संध्याकाळच्या बोटीने आम्ही परत निघालो तेव्हा पाणी पुन्हा चढू लागले होते, आणि दादा धक्क्यावर उभा होता. बोट आगरदांड्याला लागली. मी वळून पाहिले. अंधारून आले होते, माणूस ओळखू येत नव्हता. मी उपरणे हलवले.

ज्या माउलींना आगरदांड्याला जायचे असेल त्यांनी थंडीचे दिवस धरावे. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. तिथीची पाऊणपट करून भरती पाहावी, निघण्याआधी शेवटच्या फेरीबोटीची वेळ धक्क्यावर विचारून ठेवावी. जंजिरा पाहायचा तर अर्धा दिवस त्यालाच द्यावा. फणसाडला वेगळा दिवस काढून पहाटे जावे, शेकरू दुपारी दिसेलच असे नाही. कुड्याला आवर्जून थांबावे. आणि बरोबर घरातले म्हातारे माणूस असेल तर आखणीचा कागद आधी त्याच्यापुढे कोरा ठेवावा.

आईला आणायला मी आठ दिवसांनी म्हसळ्याच्या रस्त्याने गेलो. जाताना माणगावच्या बाजारातून एक नारळ घेतला होता. वाडीवाल्याला बाजारातला नारळ दिला म्हणून वहिनी हसली. निघताना मी दादाला त्याच्या दिंडीचा नंबर विचारला. रथापुढे की रथामागे, वाखरीला तंबू कोणत्या बाजूला पडतो, तेही विचारले. त्याने सांगितले. मी ते लिहून घेतले आहे. आषाढीच्या माझ्या कागदावर सध्या तेवढी एकच नोंद आहे.